पंगतीतला खो

परवा चलथाणला माझ्या मेहुण्याच्या घरी साखरपुडा होता. जेवणे उरकली, पाने वाटली गेली आणि मेहुण्याने आपली आवडती गोष्ट पुन्हा एकदा सांगायला घेतली. गोष्ट माझ्या नातीची होती. "पोर मागून आली," तो म्हणाला, "दाजींच्या पाठीवर अशी थाप मारली, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असा खणखणीत 'खो' दिला! तोवर एक शब्द बोलली नव्हती. काय सांगू, अंगावर काटा आला." वराकडच्या दोन बायकांनी पदराने डोळे टिपले. साखर कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडून गोष्ट जास्तच गोड निघते, हे मी समजू शकतो. पण मी तिथल्या तिथे हरकत घेतली.

ज्या पाठीवर तो हात पडला ती पाठ माझी होती. मेहुणा त्या वेळी समोरच्या ओळीत बसून गंगाफळाच्या भाजीत गुंतलेला होता. तेव्हा काय ऐकू आले आणि काय ऐकू आले नाही, याची साक्ष देण्याचा पहिला अधिकार कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे. चलथाणला आमचा वाद अर्धाच राहिला. त्याचे कारण शेवटी सांगेन. तोंडी हरकत अपुरी राहिली तर ती लेखी नोंदवावी, असा खेळातला दंडक आहे, आणि मी दंडक पाळणारा माणूस आहे.

सुरतेत, उधन्याच्या एका मराठी शाळेत मी आयुष्यभर व्यायामशिक्षक होतो. माझी मुले म्हणजे जळगाव-धुळ्याकडून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या माणसांची मुले. त्यांना बॅट-बॉल परवडत नसे, म्हणून मी त्यांना खो-खो दिला. दोन खांब आणि चुन्याची फक्की एवढ्यावर तो खेळ उभा राहतो. ज्यांनी तो कधी खेळला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, पाठलाग करणारा खेळाडू ओळीत बसलेल्या आपल्या गड्याच्या पाठीला मागून हात लावतो आणि मोठ्याने 'खो' म्हणतो. मग बसलेला उठून धावतो आणि हा त्याच्या जागी बसतो. हात लागला पण आवाज झाला नाही, तर तो फाऊल. या एका नियमापायी मी शहरात बदनाम होतो. एका अंतिम सामन्यात माझ्याच शाळेच्या पोराने उत्साहाच्या भरात मुका खो दिला, आणि पंचाच्या जागी असलेल्या मी शिट्टी वाजवली. सामना गेला. पोरे कित्येक दिवस माझ्याशी बोलत नव्हती. मला त्याचा आजही अभिमान आहे.

अशा माणसाच्या घरी ती नात आली.

माझा मुलगा इच्छापोरच्या एका कारखान्यात नोकरी करतो. मुलगा, सून, आम्ही दोघे म्हातारे आणि ही एकुलती एक नात, असे आमचे घर. ती तीन वर्षांची झाली तरी बोलेना, हाक मारली तर वळेना. डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचे सांगितले. मराठीत त्याला 'स्वमग्नता' म्हणतात, असे मला एका शहाण्या शेजाऱ्याने सांगितले. माझे त्या शब्दाशी मुळातच भांडण आहे. ही पोर स्वतःत मग्न नव्हती, बॉबिनींत मग्न होती. सूत गुंडाळायच्या, मुलाने कारखान्यातून आणून दिलेल्या रिकाम्या बॉबिनी ती जमिनीवर ओळीने मांडी, आणि त्या ओळीत केसभरही वाकडेपणा खपवून घेत नसे. तिच्यातला हा गुण कोणाकडून आला, याविषयी आमच्या घरात दुमत नाही.

मात्र एक गोष्ट ती कधीच करत नसे. ती मागत नसे. तहान लागली की माठापाशी जाऊन उभी राही आणि रडू लागे. मग आम्ही सगळे पाणी, दूध, बिस्कीट, पंखा असे एकेक करून ओळखत बसायचो. एकदा अशाच रडण्यानंतर माझी सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून म्हणाली, "आप्पा, बोलली नाही तरी चालेल मला. पण एकदा तिनं काहीतरी मागावं. मी इथे आहे आणि माझ्याकडून काही मिळू शकतं, एवढं तिला कळावं." मी आयुष्यभर पुष्कळ मागण्या धुडकावल्या आहेत. ही धुडकावता आली नाही.

म्हणून आम्ही तापीचा पूल ओलांडून पलीकडे, खेळातून उपचार करणाऱ्या एका केंद्रात जाऊ लागलो. तिथली बाई माझ्या विद्यार्थिनींच्या मुलींएवढी असेल. ती गुजराती, मी मराठी. आमचे भांडण हिंदीत चाले. पहिल्याच दिवशी तिने माझ्या गळ्यातली शिट्टी पाहिली.

"दादाजी, आज सीटी नहीं बजेगी. आज जो बेबी करेगी, वही आप करोगे."

"और वो कुछ भी न करे तो?"

"तो आप भी कुछ मत करना. आता है न?"

"नहीं आता," मी प्रामाणिकपणे सांगितले.

खेळ म्हणजे नियम, असे मी तिला समजावले. खेळ म्हणजे मजा, नियम मागून येतात, असे तिने मला समजावले. खेळाविषयी मला कोणी समजावण्याची ती पहिलीच वेळ होती. मी सतरंजीवर बसलो. नातीने एक बॉबिन ठेवली, मी शेजारी एक ठेवली. तिने माझी उचलून फेकून दिली. मी दुसरी ठेवली, तीही गेली. ती बाई कोपऱ्यातून म्हणाली, "देखा? आपको जवाब दे रही है." याला जवाब म्हणत असतील तर माझी अर्धी शाळा वक्त्यांची होती, असे मी म्हणालो. ती हसली. घरी येताना रिक्षात मात्र माझ्या लक्षात आले की त्या पोरीने त्या दिवशी माझी प्रत्येक बॉबिन पाहिली होती. एकही तिच्या नजरेतून सुटली नव्हती. मी पुन्हा गेलो.

खो-खोचा शोध केंद्रात लागला नाही, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये लागला. केंद्राच्या भिंतीवर याविषयी काही वेगळे लिहिले गेले असल्यास ते दुरुस्त करावे. दुपारी सगळ्यांच्या मोटारसायकली कामावर गेल्या की पार्किंग रिकामे होते, आणि समोरासमोर दोन खांब उभे राहतात. एकदा सवयीने मी त्या दोन खांबांच्या मधोमध खेळाडूच्या बैठकीत बसलो होतो. नात मागून आली आणि भिंतीला टेकावे तशी माझ्या पाठीला टेकली. माझ्या तोंडून आपोआप "खो!" निघाले, आणि या वयात जसे धावता येईल तसा मी खांबापर्यंत धावलो. वळून पाहतो तर पोर खदखदून हसत होती. ते हसणे कोणाकडे पाहून नव्हते, पण ते माझ्यामुळे होते. मी परत आलो, बसलो, तिचा हात धरून माझ्या पाठीला लावला, 'खो' म्हणालो आणि पुन्हा धावलो. संध्याकाळी गुडघ्यांना तेल लावताना बायको जे बोलली ते इथे देत नाही.

केंद्रातल्या बाईला हे करून दाखवले तेव्हा ती टाळ्या पिटायची तेवढी राहिली. आधी म्हणाली, पाठ कशाला, तोंडासमोर बसा. मी म्हणालो, या पोरीला चेहऱ्याचे ओझे होते, पाठीचे होत नाही. तिने थोडा वेळ पाहिले आणि मान्य केले, हे तिच्या बाजूने नोंदवतो. मग मात्र तिने मला अडकवले.

"अभी खो कौन दे रहा है? आप ही दे रहे हो, आप ही ले रहे हो. अब हाथ मत पकड़ना. बैठो और रुको. वो माँगेगी."

"कैसे माँगेगी?"

"जैसे उसको आए. हाथ से, धक्के से."

"बिना आवाज़ का खो फाऊल होता है."

"तो फाऊल दे देना, दादाजी. लेकिन पहले भागना, फाऊल बाद में."

मी बसू लागलो. रोज दुपारी, दोन खांबांच्या मध्ये, पाठ तिच्याकडे करून. धावणे मला जमते, धावायला लावणे तर फारच जमते, पण नुसते थांबणे ही विद्या मी कधी शिकलो नव्हतो. ती मागे येऊन उभी राही. तिचा श्वास मला ऐकू येई. माझ्या जिभेच्या टोकावर 'खो' येऊन बसे आणि मी दात आवळून तो गिळे. बसलेल्या खेळाडूने मागे वळून पाहायचे नसते, म्हणून मी वळतही नसे. थोड्या वेळाने बॉबिनींचा टकटक आवाज येई, म्हणजे ती निघून गेलेली असे. तळमजल्यावरची गुजराती वहिनी कपडे वाळत घालताना रोज विचारी, "साहेब, कोनी राह जुओ छो?" कोणाची वाट पाहता?

"मारी टीमनी," मी सांगे.

असे उन्हाळाभर चालले. मी वर आलो की सून नुसती माझ्या तोंडाकडे पाही आणि पुन्हा भाकरी थापू लागे.

श्रावण आला आणि त्याच्याबरोबर कानबाई आली. खानदेशी माणूस सुरतेला आला तरी कानबाई मागे ठेवून येत नाही. नारळाची देवी सजवायची, रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, जेवण करायचे, आणि त्यासाठी सगळे भाऊबंद, सोयरेधायरे एका घरी जमायचे. त्या वर्षी आमचे घर होते. घरात एवढी माणसे मावेनात, म्हणून पंगत खाली पार्किंगमध्ये मांडली. सतरंज्यांच्या दोन ओळी, मध्ये वाढायला वाट, आणि दोन्ही टोकांना माझे ते दोन खांब. नात गलबल्याने बावरली होती. तिला वरच्या खोलीत तिच्या बॉबिनींपाशी बसवून मुलगा तिच्याजवळ थांबला होता.

जेवण सुरू झाले आणि मेहुण्याच्या खिशातला फोन वाजला. तो पानावरून अर्धा उठला. सगळ्यांचे होईपर्यंत पंगत उठत नाही, आणि कानबाईच्या रोटावरून तर नाहीच. ओळीत मी सर्वांत थोरला. मी सर्वांदेखत त्याला झापले. "बस खाली! पंगतीतून मधेच उठतात का कोणी? वय काय, वागणं काय!" तो कानकोंडा होऊन बसला. पण त्याच्या मनात ते राहिले असावे, कारण लगेच म्हणाला, "दाजी, सगळ्या गावाच्या पोरांना तुम्ही ओरडून ओरडून बोलतं केलं. घरचीचं काय?"

वाढणाऱ्या सुनेच्या हातात खिरीचे पातेले होते. ते हलले नाही. मी उत्तर जुळवत होतो, आणि ते चांगले झणझणीत उत्तर होते.

तेवढ्यात माझ्या पाठीला हात लागला.

आता इथून पुढे मी अत्यंत काळजीपूर्वक लिहितो. जेवायला उतरलेल्या मुलाच्या मागोमाग ती जिन्याने केव्हा खाली आली, मी पाहिले नाही. मुलगा सांगतो की ती ओळीतल्या सगळ्यांच्या पाठींना हात लावत आली. हे खोटे आहे. माझ्या अलीकडे बसलेल्या चारही माणसांना मी नंतर एकेकट्याला गाठून विचारले, कोणाला हात लागला नव्हता. ती सगळ्या पाठी ओलांडून माझ्या पाठीशी आली. दोन खवाट्यांच्या मध्ये, जिथे लावायला हवा बरोबर तिथे, तिने तळहात ठेवला. माझ्या हातात रोटाचा घास होता. मी कान टवकारले. आवाज आला नाही. हात उचलला गेला, आणि पुन्हा ठेवला गेला. या वेळी दाबून. तरीही आवाज नाही. माझ्यातला पंच आणि माझ्यातला गडी यांच्यात तेवढ्या क्षणात जे काही झाले असेल ते असो. मी उठलो.

घास तोंडात कोंबून, उष्ट्या हाताने, नव्या धोतराचा सोगा सांभाळत मी दोन ओळींमधल्या वाटेने धावलो. पत्रावळ्या वाचवल्या, एक पाण्याचा तांब्या वाचवता आला नाही. खांबाला हात लावला आणि परत आलो. ती माझ्या पानासमोर, माझ्या जागेवर बसली होती! खो देणाऱ्याने उठलेल्या गड्याच्या जागी बसायचे असते. हे तिला कोणी शिकवले नव्हते. आणि ती हसत होती, त्याच पार्किंगमधल्या हसण्याने.

"हाई काय!" माझी बायको ओरडली. "पानवरथीन उठी ग्यात तुम्ही? कानबाईना रोट शे तो!"

"मला खो मिळाला आहे," मी म्हणालो.

"दाजी," समोरून मेहुणा म्हणाला, "फोन आला का?"

सगळी पंगत हसली, मीही हसलो. फक्त सून हसत नव्हती. तिने पातेले जमिनीवर ठेवले. "आप्पा," ती म्हणाली, "तिनं मागितलं." मग एकदम घाईने, जणू गाडी सुटत होती, "पुन्हा बसा ना, आप्पा. पुन्हा बसा."

मी बसलो. नात उठून मागे गेली. पुन्हा हात पडला, पुन्हा मी धावलो. असे किती वेळा झाले याची आवृत्ती घराघरांत वेगळी आहे. मी मोजले नाही, कारण मी त्या दिवशी पंच नव्हतो, खेळाडू होतो. मध्येच मेहुणा पाठ फिरवून बसला आणि "ये बेटा, मलाही दे" म्हणून लाडीगोडी लावू लागला. ती त्याला वळसा घालून गेली. हा तपशील तो आपल्या गोष्टीत का सांगत नाही, ते उघड आहे. पण पुढे एकदा, माझी धाप पाहून सून माझ्या जागी बसली. पोर मागे थबकली. तिने बराच वेळ त्या पाठीकडे पाहिले. मग हात ठेवला. सून जी धावली ती पार रस्त्यापर्यंत गेली. खिरीने माखलेली पळी तिच्या हातातच होती, आणि ती रडत होती की हसत होती हे मी सांगू शकत नाही, कारण जे मला दिसले नाही त्याची साक्ष मी देत नाही.

तेव्हापासून या गोष्टीवर प्रत्येकाने आपला हक्क सांगितला आहे. बायको म्हणते, कानबाई पावली. देवीशी मी वाद घालत नाही, पण उन्हाळाभर पार्किंगमध्ये देवी बसली नव्हती. केंद्रातल्या बाईला सुनेने फोनवरून सांगितले. पुढच्या खेपेस तिने मला विचारले, "आवाज़ था?"

"नहीं."

"तो फाऊल दिया?"

"अभी तक नहीं दिया."

श्रेय थांबण्याला आहे, असे ती म्हणते, आणि थांबायला तिने शिकवले. हे मी मान्य करतो. थांबलेली पाठ माझी होती, हे तिने मान्य करावे. मुलगा कारखान्यात सांगतो की पोर स्पष्ट 'खो' म्हणाली. मेहुण्याचा 'खो' तर खणखणीत आहे, आणि दर लग्नसराईत त्याचा आवाज वाढत जातो.

ही माणसे दुष्ट नाहीत. आनंदाच्या भरात ती त्या हाताला आवाज जोडतात. पण आवाज जोडला की नुसता हात अपुरा होता असे ठरते, आणि त्याला माझी हरकत आहे. खो मोठ्याने द्यायचा हा नियम कशासाठी केला गेला? बसलेल्या गड्याला आपली पाळी आल्याचे कळावे म्हणून. मला कळले होते. आयुष्यात हजारो खो ऐकले, पण इतका स्पष्ट एकही नव्हता.

आता ती पुष्कळ काही मागते. तहान लागली की कोणाचाही हात धरून माठाकडे ओढते, आणि चुकून दूध दिले तर पेला परत हातात देते. बॉबिनींच्या ओळीत एखादी मला ठेवू देते, अर्थात जागा ती दाखवेल तिथे. अलीकडे खो देताना तिच्या गळ्यातून कधी कधी एक बारीक हुंकार येतो. तो 'खो' नाही. तो जेव्हा 'खो' होईल तेव्हा मी स्वतः जाहीर करीन. तोवर कोणी घाई करू नये.

तर चलथाणचा तो वाद. मेहुणा लोडाला टेकून म्हणाला, "दाजी, एक आवाज ऐकू आला म्हटलं तर तुमचं काय बिघडलं हो?" मी पाहुण्यांकडे तोंड करून, मांडी ठोकून, मुद्दा नीट मांडायला घेतला. "बिघडलं असं की," मी म्हणालो, आणि पाठीवर, दोन खवाट्यांच्या मध्ये, हात पडला. कोणताही वाद अर्धा टाकून उठणे माझ्या स्वभावात नाही. मी उठलो. मांडवाच्या खांबापर्यंत धावलो. मागून मेहुण्याचा आवाज आला, "बघा, बघा, दाजी पळाले! हरले!"

मी हरलो नव्हतो. माझी पाळी आली होती.